आठ मिनिटं चार सेकंद

काच तडकलेला जुना मोबाईल
वाशाला सुतळीने बांधला,
आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोपीत.
दर अर्ध्या तासाला एक फोटो, उजेड असेतो.
असे सहाशे पाच दिवस.
त्याचा व्हिडिओ झाला आठ मिनिटं चार सेकंदांचा.

एका दिवसाला त्यात पुरता सेकंदही मिळत नाही.
काचेच्या कौलातला उन्हाचा चौकोन
भिंतीवरून उतरतो, जमिनीवरून सरपटतो,
समोरच्या भिंतीला डोकं टेकून विझतो,
की लगेच पुन्हा उतरतो.
त्याच्याइतकं नेमाने त्या खोपीत
कुणीच काम केलेलं नाही.

माझे हात कुठेच नाहीत.
मी बर्फाच्या फॅक्टरीतून येऊन, जेवून,
गाव झोपलं, व्होल्टेज वर आलं
की वेल्डिंगला बसायचो,
आणि मोबाईलला रात्रीचं दिसत नाही.
म्हणून व्हिडिओत ही गाडी कुणी करतच नाही.
ती अळंब्यासारखी उगवते:
एका सकाळी चौकोनी पाइपांची चौकट,
एका सकाळी कुडाळच्या भंगारातलं
मारुती आठशेचं इंजिन, पोत्यावर, ओशाळं.
मध्येच एक अख्खी बाजू नाहीशी होते.
ती मीच कापली होती, दोन सूत वाकडी म्हणून.
आठवडाभर कुणाशी धड बोललो नाही
ते कुठे दिसणार.
घासून चकचकीत केलेलं लोखंड
आठ दिवसांत तांबूस झालेलं मात्र दिसतं.
वेंगुर्ल्याचं खारं वारं,
ते दाराची कडी बघून थांबत नाही.

बस्त्याव दिसतो. तो रविवारी दुपारी यायचा,
फायबरच्या होड्या करणारा, रेझिनचा डबा घेऊन.
चार फोटोंत चारदा एकाच जागी उभा,
कमरेवर हात.
"हिका वल्ही लाव रे, चाकां कित्याक?"
त्याचा हात होडीचाच, म्हणून
गाडीचं नाक जरा वर उचललेलं आहे,
समोर लाट असल्यासारखं.

मे महिन्यात तीन दिवस गाडीच नाही.
आभाळ भरून आलं तशी विनयाने
अंगणातली कोकमाची सोलं उचलून
सुपांसकट चासीवर पसरली.
अडीच सेकंद सगळं लालभडक.
त्या पाइपांना अजून आंबट वास येतो,
निदान मला येतो.

आणि ज्या रविवारी इंजिन पहिल्यांदा धरलं,
बस्त्याव नाचला, शेजारची म्हैस दावं तोडून पळाली,
त्या अकरा दिवसांत कॅमेऱ्यासमोर फक्त
पालीचं पोट.
नऊ सेकंद, गुलाबी,
आत दोन पांढरी अंडी, उजेडात स्वच्छ दिसणारी.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिवी घातली.
आता तिथे थांबवून बघतो.

थांबवून बघायची सवय लागली म्हणून
पुढचं सापडलं.
पाचव्या महिन्यातला गुरुवार, मी फॅक्टरीत.
विनया चासीत बसली आहे.
सीट नाही, गोणपाट आहे, डावीकडे.
मांडीवर हात, समोर भिंत.
अर्ध्या तासाने, पुढच्या फोटोत, तशीच.
नंतरचे गुरुवार मी शोधून काढले.
बहुतेकांत आहे.
दाराची चौकट आली, ती वाकून आत आलेली.
काच बसली, काचेतून अर्धी दिसणारी.
सतराव्या महिन्यापासून ती उजवीकडे बसते.
स्टिअरिंग अजून यायचं होतं.
हात मात्र वर, दोन्ही,
नसलेल्या गोलावर.
आणि पाय लांबवलेला, पॅडलपर्यंत
न पोहोचणारा.

माझ्यासमोर ती गाडीला "तुझा तो पत्रा" म्हणते.
हॉर्न वाजवून बघ म्हटलं
तर हात पदराला पुसत आत गेली.

मी काही बोललो नाही.
आरटीओचं काय ते नंतर बघू,
सध्या ती आमच्याच कलमांमधल्या वाटेवर
फाटकापर्यंत जाते नि मागे येते.
काल रात्री तेवढे चार बोल्ट काढले
आणि सीट चार बोटं पुढे घेतली.
आता चालवताना माझे गुडघे आपटतात.
बस्त्यावने विचारलंच,
"माप चुकलां काय रे?"

चुकलां, म्हटलं.