डिस्पॅच

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत
पंपाच्या पेट्या भरून झाल्या की
स्टेन्सिल मी मारतो. क्लीव्हलँड, ओहायो.
वर बाण, खाली काचेच्या पेल्याचं चित्र,
आत बिडाचं धूड, त्रेचाळीस किलो.
फुटणार काय आहे त्यात, कोण जाणे.

शिफ्ट सुटली की सगळे सारखेच.
मोल्डिंगची वाळू, भुकटी, नाकपुड्यांत काजळ.
मग नळावर एकच साबणाची वडी फिरते
आणि एकेकाचा चेहरा बाहेर येतो,
मारुती कणबरकर, बाबू हलगेकर, यल्लाप्पा.
इनासचाही येतो. तरी नवी पोरं
दर वेळी म्हणतात, "अजून घास रे."
तोही हसतो. नऊ वर्षं हसतोय.

इनास सिद्दी, खानापूरच्या पलीकडचा, रानातला.
बेळगावात बाजारात त्याला लोक इंग्रजीत विचारतात,
कुठला देश?
तो कोंकणी हेल काढून मराठीत सांगतो,
"गुंजीच्या थोडं पुढं."

अकरा वर्षांचा होता तेव्हा जीपमधून साहेब आले.
टेपनं पिंढऱ्या मोजल्या,
शिट्टी मारून पळवलं, घड्याळ बघितलं,
म्हणाले, रक्तातच आहे, मेडल आणशील.
हॉस्टेल. दूध, अंडी, बूट.
तीन वर्षांत योजना बंद. बूट आधीच लहान झालेले.
हे तो डबा उघडता उघडता सांगतो,
दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

एक नोव्हेंबरला आम्ही काळे कपडे घालतो.
माझे वडील घालायचे, मीही घालतो.
बसवरची पाटी, सातबाराचा उतारा, कोर्टाची तारीख,
घसा बसेपर्यंत ओरडतो मी, आमच्यावर अन्याय.
एका वर्षी इनास म्हणाला, "मीबी येतो की.
मला कपडे बदलायला नकोत."
पोट धरून हसलो सगळे.
"तुझं काय रे त्यात," मी म्हटलं.
मराठीतच म्हटलं. त्यालाही मराठीतच कळलं.

माझा भाचा रणधीर त्याच क्लीव्हलँडला शिकतो.
बहिणीनं वडगावचा प्लॉट फुंकला त्याच्यापायी.
परवा रात्री अकराला फोन.
"मामा, फोनवर म्हणाले खोली रिकामी आहे.
दारात गेलो, मला बघितलं,
म्हणाले, कालच गेली."
मी अंथरुणात उठून बसलो.
माणसाला कातडीवरून! आजच्या काळात!
एवढा मोठा देश, कष्टाला संधी म्हणे, थापा नुसत्या.
"दुसरीकडं मिळते की," तो म्हणाला,
"पण तिकडं सगळी काळ्यांची वस्ती."
नको बाबा, म्हटलं, तिथं नको.
जीभ अडखळलीसुद्धा नाही.

फोन ठेवला. पंखा कुरकुरत होता.
अनगोळच्या माझ्या घरावर एक खोली आहे,
सात महिने कुलूप.
इनास आला होता बायकोला घेऊन, दोन पोरी,
ॲडव्हान्सचे पैसे रुमालात बांधलेले.
दारातच सांगितलं मी, पुण्याचे पाहुणे यायचेत.
कसले पाहुणे. वर एक गंजकं पिंप आहे
आणि गेल्या गणपतीचं मखर.
पोरी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या होत्या,
धाकटी पायऱ्या मोजत होती,
तिला उठवायला लागलं.
तो अजून गुंजीहून येतो, पहाटेची गाडी धरून.

आज पेटीचं झाकण बसवताना
त्यानं खिळे पुढं केले.
कालचं माझं जेवणाच्या सुट्टीतलं तणतणणं
त्यानं ऐकलं असणार. सगळ्यांनीच ऐकलं.
"मिळाली काय खोली, भाच्याला?"
मी ब्रश रंगात बुडवला. बाण काढला.
थोडा तिरका गेला.
"मिळेल," म्हटलं.
"मिळंल की," तो म्हणाला, आणि पहिला खिळा ठोकला.
"पाहुणे यायचे असतील त्यांचे."