दम खाऊ दे

झोंगुलदाकच्या चढावर शेवटून तिसरं घर.
रात्री तीनला दुरसुन उठून बसतो.
म्हणजे बसलेलाच असतो,
तीन उशा पाठीला, हनुवटी छातीवर,
बसल्या जागीच आणखी थोडा बसतो
आणि हाक मारतो: येतेर.
मी म्हणते, येते.

येतेर म्हणजे पुरे.
पाच बहिणींवर मी झाले तेव्हा बापाने
नाव ठेवलं नाही, गाऱ्हाणं घातलं.
दुरसुन म्हणजे राहू दे.
त्याच्या आधीची तीन राहिली नव्हती.
तो राहिला.
बावीस वर्षं जमिनीखाली उतरला, राहिला.
चौथ्या बोगद्यात वायू पेटला त्या दिवशी
मेव्हण्याच्या लग्नासाठी पाळी बदलून घेतली होती,
राहिला. मेव्हण्याला अजून ऐकवतो.
आता नुसतं राहणंच त्याला चढासारखं लागतं.

शेगडीत दोन ढेकळं टाकते.
इहलामुरची फुलं मी जूनमध्ये वाळवली,
गच्चीत, जुन्या वर्तमानपत्रांवर,
प्रत्येक देठाला एक फिकट पान चिकटलेलं,
जसं बाळाच्या मनगटाला दवाखान्याचं नाव.
उकळायची नाहीत. पाणी उतरवायचं,
फुलं टाकायची, झाकण ठेवायचं
आणि हात बांधून बसायचं. दम खाऊ द्यायचा.
सासू म्हणायची, घाई केलीस तर नुसतं गवताचं पाणी होईल.
तिकडे तो शिट्टीसारखा वाजतोय
आणि इकडे मी फुलांना म्हणतेय, सावकाश.

बिहीचं एक पान. चेस्टनटचा मध, कडवट,
त्याला गोड मध आवडत नाही, लबाड लागतो म्हणतो.
शेजारची हूरिये काळा मुळा कोरून देते,
पोटात मध भरून रात्रभर ठेवलेला.
एकदा दिला. म्हणाला,
काळ्यावर काळं कशाला ओततेस,
आत भरपूर आहे.
आणि इतका हसला की
हसण्याची धाप उतरायला अर्धा तास गेला.

छातीची डॉक्टर, नातीच्या वयाची,
मशीन लावून, फोटो उजेडात धरून म्हणाली,
आजी, हे पोटात जातं, फुप्फुसात नाही.
मला माहीत नव्हतं असं नाही.
मग माझं तोंड बघून म्हणाली,
पण गरम चांगलंच. घोट घोट द्या.
पंप मात्र चुकवायचा नाही,
आणि ओठ निळे दिसले तर चहा करत बसू नका, फोन करा.
तो नंबर मी साखरेच्या डब्यावर चिकटवलाय.
डॉक्टर निघताना म्हणाली,
घरात कोळसा जाळू नका.

तेवढं मात्र ऐकलं नाही.
पेन्शनीबरोबर कंपनीचा कोळसा येतो,
दारात ओततात, पावती घेतात.
ज्याने त्याची छाती भरली
त्याच्यावरच त्याचं पाणी तापतं.
गॅस महाग आहे हे एक.
दुसरं, तो ढेकूळ हातात घेऊन ओळखतो
कुठल्या थरातलं ते,
आणि तेवढा वेळ खोकत नाही.

फुंकर मारायला जोर नाही,
म्हणून कपावर मी फुंकते.
तो दोन्ही हातांनी धरतो.
आधी पीत नाही. वाफ तोंडावर घेतो,
डोळे मिटून, कपात वाकून,
विहिरीत काही पडलंय का बघावं तसा.
शिट्टी थोडी खाली येते.
मी मोजते. मोजू नये म्हणतात, मोजते.
सव्वीस. चोवीस. खाली बंदरात
एक बोट भोंगा देते आणि माझा आकडा चुकतो.

अर्धा कप झाला की
कपावर तळवा ठेवून म्हणतो: येतेर.
चाळीस वर्षांनीही मला कळत नाही
हाक मारली की पुरे म्हणाला.
आणखी थोडं घे, म्हणते.
येतेर, म्हणतो.
बरं. दुरसुन.
मग कप खिडकीच्या कठड्यावर तसाच राहतो,
वर झाकण म्हणून बशी,
काचेवर त्याच्या उंचीएवढं धुकं,
आणि मी दिवा न विझवता
त्याच्या पायांशी बसते,
मुळ्याचं काय करावं याचा विचार करत.