अकराशे एक्कावन्नावी पिन

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातून
कोपरखैरण्याच्या माझ्या दुकानात
रंगनाथ डेरे आले. एका हातात उघडी केबिनेट,
खिशात रुमाल, रुमालात प्रोसेसर.
आठव्या पिढीचा, सेकंडहँड.
"बोर्डावर आठ आहे ना ताई, म्हणून आठचाच घेतला."

मी बोर्ड सोडवला, ब्रशने झाडला.
धुळीबरोबर कांद्याची दोन गुलाबी सालं उडाली.
रॅमच्या खाचांशेजारी बारीक पांढऱ्या अक्षरांत
एच एक्क्याऐंशी एम.

हा आठ पिढीचा नाही, डेरे. चिपसेटच्या मालिकेचा.
आठच्या मालिकेवर चौथी पिढी बसते.
का, ते मला विचारू नका.
बारा वर्षं हेच सांगत आलेय
आणि दर वेळी
खोटं बोलल्यासारखं वाटतं.

सॉकेटात पिना अकराशे पन्नास.
तुमच्या रुमालातल्याला लागतात अकराशे एक्कावन्न.

एक पिन.

ते वाकून बघत राहिले,
जणू ती इथेच कुठे
टेबलाखाली पडली असेल.

"आणि एच?"
एच म्हणजे खालचा. रॅमला दोनच खाचा, पुढे वाढ नाही.
बी त्याच्या वरचा. झेड म्हणजे हवा तेवढा पळवा,
"म्हणजे गोल्टी, मध्यम, गोळा.
सरळ सांगा की."
मग एम? एम आकाराने लहान.
"गोल्टी, त्यातही लहान." ते हसले नाहीत.
दहा वर्षं शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या
याच गोल्टीवर निघाल्या होत्या.
एकही चुकली नव्हती म्हणे.

ड्रॉवरमध्ये चौथ्या पिढीचा एक सापडला.
बसवला, पेस्ट लावली, पंखा फिरला.
रुमालातला त्यांनी पुन्हा रुमालात बांधला,
गाठ मारून.

शनिवारी उधारी आणायला मी मार्केटात गेले.
चिठ्ठीवर गाळा ई एकशे सात.
ई सापडली. एकशे सातही सापडला.
तिथे लसूण.
कांदा निवडणाऱ्या एका बाईने चिठ्ठी उलटी-सुलटी केली:
"हा ई विंगेचा नाय. रांगेचा. विंग तिकडली, डी."
असं का?
"मला काय ठावं? मी आले तवापासून असंच हाय."

लांब गोण्यांच्या थप्पीवरून
डेरे हात हलवत होते,
पाची बोटं पसरून.
मी सवयीने मोजली.