जूनमधली रात्र

इसाफ्योर्दुरला जूनमध्ये रात्र होत नाही.
आईला ती डॉक्टरांनी दिली,
मनगटाच्या नसेतून,
दोन तास चाळीस मिनिटांची.

खुबा मोडला होता. सर्जन म्हणाले, जोड छान बसलाय,
आणि फोटो दाखवला: हाडाहून पांढरा खिळा.
मी मान डोलावली.
आत आई नर्सला विचारत होती,
बोट सुटली का.

हाल्बेरा, वय एक्याऐंशी, एकतीस वर्षं पोस्टात.
गावातली दारं तर सोडाच,
मेलेल्या कुत्र्यांचीही नावं तिला पाठ.
तिसऱ्या दिवशी ती मला "बाई" म्हणाली,
टिश्यूची घडी हातात ठेवली:
"सही करा. रजिस्टर आहे."
मी केली, बोटाने.
शेजारच्या खाटेवरच्या ग्रोआनेही केली,
आणि आपलं पत्र उघडून, बराच वेळ वाचलं.

भूल उतरली, असं कागदावर आहे. वेळ, सही.
कुठे उतरली ते लिहिलेलं नाही.
आमच्या डोंगरांवर औषधाला झाड नाही,
तरी आईला रानभूल पडली.

पहाटे तीनला उशीवर ऊन.
रात्रपाळीची सिग्ने खिडकीला काळी घोंगडी लावते, चिमट्यांनी.
सकाळी काढते. चष्मा पुसून देते,
कानातलं यंत्र बसवते,
आणि मोठ्याने सांगते:
हाल्बेरा, आज गुरुवार. गुरुवार, हाल्बेरा.
"औषध काही नाही का?" मी विचारलं.
"हेच," ती म्हणाली.

नवव्या दिवशी आईने मला नावाने हाक मारली
आणि केस का कापलेस म्हणून झापलं.
मी जिन्यात जाऊन रडले.

आता घरी सगळं ठीक.
माशाला मीठ ठीक, मोज्याचे टाके ठीक.
फक्त रेडिओवरचं हवामान ऐकते
आणि लगेच विचारते, काय म्हणाले?
पूर्वी अख्ख्या किनाऱ्याचा वारा सांगायची,
दीपगृहागणिक, तव्यावरची नजर न काढता.
डॉक्टर म्हणतात, थांबा सहा महिने.
बहुतेकांचं परत येतं.
बहुतेक.

ऑगस्ट सरताना पहिला धड अंधार आला.
फ्योर्डचं पाणी दिसेनासं झालं,
पलीकडे कुणाचा तरी दिवा.
आई खिडकीशी, काठीवर भार टाकून.
"ही किती तासांची?"
साडेपाच असेल, म्हटलं.
"आणि उठवायला कोण येणार?"

मी घोंगडी शोधत होते. सवयीने.
आज बुधवार, मी म्हटलं.
उद्या गुरुवार.