झाकणामागचा आकडा

मे महिना, दुपारचे दोन.
वर्धा रोडच्या पंपावर हवा थरथरत होती,
मेट्रोचे खांब पाण्यात बुडवल्यासारखे वाकडे.
मी गाडी पाच नंबरला लावली.
फाये साहेबांची. काळी, जर्मन,
दार लावलं तर मखमलीच्या डबीत अंगठी पडल्याएवढाच आवाज.

साहेब मागून, फोनवर हात ठेवून:
"टेमराज, सगळ्यात भारी कोणतं ते टाकायला सांग. शंभर."

सुकेशिनीनं नोझल उचललाच नाही.
झाकण उघडलं,
आत चिकटवलेला धुळकट कागद बाहीनं पुसला.
"इथं पंचाण्णव लिहून आहे ना, साहेब.
शंभर टाकलं तर गाडी नाही म्हणणार नाही,
पण तिले त्याचं काही कौतुकबी नाही."

"वो बाई, जास्त नंबर म्हणजे जास्त ताकद."

"ताकद नाही, साहेब. धीर."

दोन वर्षं ती कॉलेजात केमिस्ट्री शिकली होती,
तिसरं वर्ष घरानं खाल्लं.
म्हणाली, आत पिस्टन वर येतो, दाबत येतो,
हलकं पेट्रोल ठिणगीची वाट पाहत नाही,
आपलं आपणच पेटून बसतं.
हा आकडा म्हणजे एवढंच,
की किती दाबलं तरी
वेळेआधी पेटायचं नाही.

"मंग माह्या बायकोले पाज एक लिटर,"
साहेब एकटेच हसले.
शंभरच भरलं.

पुढच्या महिन्यात साहेब दुबईला गेले पंधरा दिवस.
मॅडमना क्लबात, पोराला क्लासला,
पेट्रोलचे पैसे रोख, शंभराच्या हिशेबानं.
मी गाडी कामठी रोडला नेली,
जिथं मला कोणी ओळखत नाही,
आणि साधं टाकलं.
एकदा नाही, तीनदा.
उरलेल्या पैशात घरच्या कूलरला नवा पंप बसला.

गाडी काही बोलली नाही.
आतला कॉम्प्युटर ओळखतो म्हणे,
ठिणगी जराशी मागं सरकवतो, निभावून नेतो,
पाहुणे वाढले की आई वरणात पाणी ओतायची
आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही, तसं.

फक्त एकदा,
उड्डाणपुलाच्या चढावर, एसी फुल, गाडीत पाच जण,
टिक. टिक टिक.
स्टीलच्या डब्यावर नखानं वाजवावं तसं.
मॅडमनी मोबाइलमधून मान वर केली नाही.
पोराच्या कानात त्याची गाणी.
मी एसी एका आकड्यानं कमी केला
आणि पाय हलका ठेवला.

रात्री टिमकीतल्या खोलीत
नव्या पंपाचं पाणी गवतावरून उतरत होतं, गार,
बायको कधी नव्हे ती गाढ झोपलेली.
मी जागा.
साहेब मला पोरांदेखत "काय बे" म्हणतात,
एकोणीस वर्षं म्हणतात.
मी पेटलो नाही.
माझं झाकण उघडून
आत काय लिहून आहे ते बाहीनं पुसून
कोणी वाचलं नाही, मीसुद्धा.
पण म्हणून दुसऱ्याच्या टाकीत काहीही ओतायचं?
तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला.
मग नुसता उकाडा, आणि त्यातही ती टिक टिक.

साहेब परतले ते विमानतळावरून घरी निघाले,
काटा लाल रेघेला टेकलेला.
मागच्या सीटवर घोरत होते, तोंड उघडं,
झोपेत माणूस कोणत्याही दराचा दिसतो.

"काय टाकू, भाऊ? शंभर?"

"झाकणामागं लिहून आहे ते."

तिनं माझ्याकडं पाहिलं,
मग झोपलेल्या साहेबांकडं.
"बिल?"

"जेवढ्याचं तेवढ्याचं."

कूलरच्या पंपाचं तिला काही सांगितलं नाही.
साहेबांना सांगेन की नाही, ठाऊक नाही.
तिनं नोझल लावला, बोटानं मीटर दाखवला,
रोज हजारदा म्हणत असेल तेच म्हणाली:
"झीरो पाहून घ्या."

मी खाली उतरलो,
उन्हात डोळे बारीक करून
नीट पाहिला.