तपकिरी, काळी, करडी

हानुस, पेटी उघडण्याआधी
बाजूची बारीक अक्षरं वाच.
विकणारा मोठा आकडा ठळक छापतो,
आपल्या कामाचा असतो त्याच्या खालचा.

ही पट्ट्याची मोटार साडेसात किलोवॉटची.
चालताना पंधरा अँपिअर खाते,
उठताना सहापट, अधाशासारखी.
पंचवीसचा स्विच घे,
आणि एसी-तेवीस लिहिलेलाच घे.
एसी-एकवीस पाणी तापवणाऱ्यांसाठी.
ती शांत माणसं. मोटार शांत नसते.

पेटी स्टेनलेस. साधा पत्रा इथे
दोन हिवाळ्यांत पापुद्रे सोडतो.
वायर खालून आत घे;
वरून घेतलीस तर पाणी तिचं बोट धरून आत येतं.
जगभर म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
फॅरोचं मीठ कोणालाच जागत नाही,
स्क्रूच्या आट्यांत शिरून बसतं
आणि वाट बघतं.

तीन वायरी. तपकिरी, काळी, करडी.
वर डोंगरात आपल्या मेंढ्यांचेही हेच रंग,
हे रंग ठरवणाऱ्याला ठाऊक नसेल.
मेंढ्या कुंपणातून एकामागून एक निघतात.
वायरींनी तसं करायचं नाही.
एक मूठ फिरली की तिघींनी एकदम बाहेर.
आणि बाहेर म्हणजे दिसेल असं बाहेर,
मध्ये हवा, मोजता येईल इतकी.

हो, चालत्या मोटारीवर फिरवू नकोस.
या स्विचला झेपतं, पण रोज कशाला?
आधी बटण दाबून थांबव,
पट्टा शेवटचा मासा टाकून निवू दे,
मग मूठ.
मग कुलूप. मग किल्ली खिशात,
खुंटीवर नाही.

इथवर कुठल्याही पुस्तकात सापडेल.

तीन वर्षांपूर्वी, मार्चात, रात्री दोनला
साफसफाईवाली एडनी होसपाइप टाकून धावत आली:
पट्टा अडकलाय, मोटारीतून वास येतोय.
मी मूठ फिरवली. मुठीने सांगितलं: बंद.
कुलूप लावलं. किल्ली खिशात.
झाकण काढलं आणि टेस्टर टेकवला.
तपकिरी, शून्य.
काळी, शून्य.
करडी, दोनशे तीस.

मुलांच्या खेळात असतं ना,
सगळी मळ्यात उडी मारतात
आणि एक तळ्यातच उभं राहतं?
तसं.
आत तांबं तांब्याला वितळून चिकटलं होतं,
मूठ नुसतीच फिरत होती,
बिचारी, खोटं बोलतेय हे तिलाही माहीत नव्हतं.

माझ्या मागे एडनी उभी होती,
ओल्या बुटांत, हात पुढे करून:
दे, मी काढते अडकलेलं कातडं,
माझी बोटं बारीक आहेत.

मी फक्त म्हणाले, थांब.

दुसऱ्या दिवशी जुनी बिलं काढली.
तो स्विच कोणी मागवला होता?
वीसचा, एसी-एकवीस, नव्वद क्रोनर स्वस्त?
खाली सही होती. रान्वा.
माझा र जरा लांबतो, ओळखू येतो.

हे फोरमनला सांगितलंय.
एडनीला नाही. तिला वाटतं
मी नशीबवान आहे.

तर आता टेस्टर घे.
आधी चालू तारेवर लावून बघ, तो जिवंत आहे का.
मग इथे, तिघींना,
प्रत्येकीला जमिनीशी, आणि एकमेकींशी.
मग परत चालू तारेवर,
मधल्या मिनिटात तो मेला नाही ना.
माझ्यावर विश्वास ठेवू नकोस,
मुठीवर तर नाहीच.

कुलूप तुझं. ही किल्लीही.
मी तिकडे बर्फाच्या यंत्रापाशी उभी आहे.
आकडे मोठ्याने वाच.
तिन्ही.