सातशे लिटर

माझ्या डोक्यावर सातशे लिटर पाणी आहे
याचा अकरा वर्षं मला पत्ता नव्हता.
मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी व्लास्तिमिल खाली आला,
हातात पोलादी फूटपट्टी,
म्हणाला, हेडविकाबाई, काच फुगलीय.
चार मिलिमीटर.
तुमचा पलंग नेमका कुठे असतो?

ऑस्त्रावातल्या आमच्या या इमारतीत
सगळ्यांचे पलंग एकाच जागी असतात,
आठ मजले, एकाखाली एक.

टाकी दोन मीटर लांब. लोखंडी चौकट त्यानेच
खाणीच्या कारखान्यात जोडलेली, खाण होती तेव्हा.
आता कोपऱ्यांत गंज, बोट लावलं की पापुद्रे,
आणि वरची आडवी पट्टी,
जी दोन्ही काचांना एकमेकींपासून लांब जाऊ देत नाही,
मधोमध तडकलेली.

पाणी उपसलं. रेती बादल्यांत.
संचालक बाथटबमध्ये.
संचालक म्हणजे मासा: हातभर, मिशाळ, काळपट.
खाण बंद झाल्याचा कागद ज्या साहेबांनी वाचून दाखवला
हुबेहूब त्यांचा चेहरा, म्हणून.
तेव्हापासून यार्मिला टॉवेल घेऊन
माझ्याकडे अंघोळीला येऊ लागली,
जिनाभर माशाला शिव्या देत.

मी धरायला गेले. कुणीतरी धरायला हवंच होतं.
जुनं सिलिकॉन पात्याने खरवडायचं,
कणभर राहता कामा नये,
नवं जुन्यावर धरत नाही.
हे मला सांगायला नको.
चाळीस वर्षं लोकांचे कपडे सैल-घट्ट करतेय;
उसवल्या शिवणीवरच टाका घातला
तर तो लग्नाच्या पहिल्या पंगतीतच जातो.
शिवण कुठे उसवते माहितीय? मी विचारलं.
माणूस श्वास घेतो तिथे.
तो काचेच्या पोटाकडे बघत राहिला.

नवे कोन ओटाकारच्या गॅरेजमध्ये जोडून आणले,
दोनदा रंगवले. एकीच्या जागी आता दोन आडव्या पट्ट्या.
शिकंजे आवळताना मी म्हणत होते, अजून थोडं,
तो म्हणत होता, पुरे.
सगळा जिना व्हिनेगरने आंबला.
चौथ्या मजल्यावरची पोरं विचारायला आली,
फेब्रुवारीत काकड्या कुठून मिळाल्या?

सिलिकॉन सुकेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं,
म्हणून तो बोलला.
खाली आम्ही लाकडाचे टेकू लावायचो.
लाकूड बोलतं. आधी कुरकुरतं, मग कण्हतं,
तुम्हाला डबा उचलून पळायला वेळ देतं.
मग लोखंडी टेकू आले. ते कमी बोलायचे.
आणि काच?
काचेला, तो म्हणाला, तोंडच नसतं.

म्हणून माझ्याकडचा कपडे बेतायचा पातळ कागद नेला त्याने,
बोटभर पट्ट्या कापल्या,
प्रत्येक सांध्यावर एकेक आडवी चिकटवली.
सांधा केसभर हलला तरी कागद फाटेल.

आठव्या दिवशी पाणी सोडलं. पाव टाकी. थांब.
निम्मी. थांब, रात्रभर.
पाऊण टाकीला डाव्या कोपऱ्यात
एक थेंब दिसला.
आम्ही तिघं गुडघ्यांवर, कुणी श्वास घेईना.
यार्मिलाने बोटाने तो टिपला, जिभेला लावला.
घाम आहे, म्हणाली. तुझाच.

फूटपट्टी उभी धरली: एक मिलिमीटर.
तेवढं चालतं, तो म्हणाला,
तेवढं तर वाकायलाच हवं.

संचालकाला ओल्या चादरीत गुंडाळून घरी पोचवलं.
त्याने एक फेरी मारली,
नव्या पट्टीखाली क्षणभर थबकला,
मग कोपऱ्यात तोंड करून बसला, जसा नेहमी बसतो.

त्या रात्री मी पलंग हलवला नाही.
हलवून पाहिला होता आधी, दाराशी, खिडकीशी;
झोप जुन्या जागीच लागते.
फक्त छताला जी बारीक चीर आहे
तिच्यावर स्टुलावर चढून
त्याच कागदाची एक पट्टी लावली.

दहाव्या दिवशी सकाळी दारावर थाप.
यार्मिला. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी.
टब रिकामा झाला ना आता? मी म्हटलं.
हो, म्हणाली,
आणि आत येऊन कडी लावली.